चुकांची वही आणि अंजूरच्या गोमतीबाई

गाडी शिकायला येणारा माणूस पहिल्या दिवशी कधीच खरं बोलत नाही. ज्याने स्टिअरिंगला जन्मात हात लावलेला नाही तो म्हणतो, "थोडीफार येते, जरा हात साफ करायचाय." ज्याला खरोखर येते तो म्हणतो, "अजिबात येत नाही, लायसन्सपुरतं शिकवा." भिवंडीत एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवून माणसांबद्दल मला एवढंच ठामपणे सांगता येईल. बाकी जे काही मी ठामपणे सांगत असे, ते अंजूरच्या एका बाईने मोडीत काढलं. कसं काढलं ते सांगतो.

आधी धंद्याची ओळख. स्कूल म्हणजे कल्याण नाक्याजवळचा एक गाळा, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर उभी छोटी पांढरी गाडी. या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणाऱ्याला वाटतं आपणच चालवतोय, आणि तसं वाटू देणं हीच आमची कला. शिकण्यातलं सगळ्यात अवघड म्हणजे हाफ क्लच. क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो, सोडला की जुळतो. या दोन्हींच्या मध्ये बोटभर जागा असते. तिथे पाय धरता आला की चढावरही गाडी मागे घरंगळत नाही. ही जागा सांगून कळत नाही, पायालाच सापडावी लागते. मी मात्र सांगूनच शिकवत असे, आणि तेही बंद गाडीत.

हो, बंद गाडीत! माझ्याकडे पहिले आठ दिवस इंजिन चालूच होत नसे. शिकणाऱ्याने नुसतं बसायचं आणि मी म्हणेन तसं क्लच, गिअर, अ‍ॅक्सिलरेटर करत राहायचं. दहादा बिनचूक झालं की अकराव्यांदा. लोक काचेतून डोकावून बघायचे, की ही दोन माणसं उभ्या गाडीत एवढी घामाघूम का झाली आहेत. नवव्या दिवशी गाडी रस्त्यावर आली की माझी वही निघायची. चूक झाली की नोंद: कुठे, कशी, कितव्यांदा. धडा संपला की मी ती मोठ्याने वाचून दाखवत असे. माझा विद्यार्थी पहिल्याच परीक्षेत पास होतो, अशी माझी ख्याती होती. त्या ख्यातीसाठी मी काय वाट्टेल ते केलं असतं. काही जणांना परीक्षेला बसूच दिलं नाही, अजून पक्कं व्हा म्हणून. एका बँकेतल्या कॅशिअरसाहेबांना मी चार महिने "अजून पक्कं व्हा" म्हणत होतो. एके सकाळी धामणकर नाक्यावर सिग्नल लागला तेव्हा त्यांनी हँडब्रेक व्यवस्थित ओढला, गिअर न्यूट्रलला आणला, दार उघडलं, मागचं बघून उतरले आणि समोरच्या रिक्षात बसून निघून गेले. उतरण्याची पद्धत अगदी बिनचूक होती. मी ते वहीत लिहिलंसुद्धा.

दुसरा विद्यार्थी रफिक. लूमवर काम करणारा, वय चाळीसच्या आसपास. यंत्रमाग बंद पडत चालले म्हणून त्याला टेम्पो चालवायला शिकायचं होतं. आठ लूम एकटा सांभाळणारा हा माणूस धागा तुटल्याचं डोळ्यांनी न बघता आवाजावरून ओळखायचा. गाडीतही तेच. मी ओरडायचो, "मीटरकडे बघ, वेग बघ, मग गिअर टाक!" तो मान तिरकी करून म्हणायचा, "उस्ताद, गाडी खुद बोल रही है, दुसरा डालो बोलके. सुनो ना." आणि गिअर अलगद पडायचा. मी त्याच्या नावावर चूक लिहायचो: मीटर बघितला नाही.

आता जे लिहितो ते लिहायला जड जातं. माझी मुलगी सायली अठराची झाली तेव्हा मीच तिला शिकवायला घेतलं. चौथ्या दिवशी तिने भिंतीला आरसा घासला. संध्याकाळी जेवताना, आईच्या आणि मामाच्या समोर, मी वही काढून तिच्या चुका वाचल्या. मला वाटलं, गंमत चालली आहे. ती भात संपवून उठली, आणि त्यानंतर माझ्या गाडीच्या ड्रायव्हर सीटवर कधी बसली नाही. लग्न होऊन नाशिकला गेली. मी लोकांना सांगत असे, "तिला आवड नाही गाडीची."

अशा या मास्तरच्या गाळ्यात एका सकाळी गोमतीबाई आल्या. वय एकसष्ट, माझ्याहून एका वर्षाने मोठ्या. हिरवं लुगडं, नाकात नथ, पायात मुलाचे स्पोर्ट शूज. अंजूरला त्यांची खाडीलगत शेती होती. आता तिथे गोडाऊन उभी राहिली होती, आणि दारात मोठी गाडी व पगारी ड्रायव्हर होता.

"मना गारी शिकाची हाय," त्या म्हणाल्या.

"थोडीफार येते का?"

"नाय. होरी येते."

होरी म्हणजे होडी; अंजूरच्या बोलीत 'ड'चा 'र' होतो. माझ्या धंद्यात पहिल्या दिवशी खरं बोललेलं हे पहिलंच माणूस. मी विचारलं, घरी ड्रायव्हर असताना कशाला? तर त्यांची थोरली बहीण तारामाय खारबावला राहायची. पडून खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, पण दोन वर्षं ती घराबाहेर पडली नव्हती. गोमतीबाईंना तिच्याकडे मनात येईल तेव्हा जायचं होतं. "डायवरला सांगितलं का तो लेकाला फोन लावतो. लेक म्हनतो, आय, उद्या जा. म्हंजे माज्या बहिनीकरं जावाला मी सुट्टी मागाची?"

मी त्यांना बंद गाडीत बसवलं. त्यांनी पाच मिनिटं क्लच दाबला, सोडला. मग माझ्याकडे बघितलं.

"ही चालू कवा होनार?"

"नवव्या दिवशी."

"मंग मी नवव्या दिवशी येते."

त्या खरोखरच उतरू लागल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी घाबरून किल्ली फिरवली. त्यांनी क्लच सोडला तशी गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. मी वही उघडली, तर शेजारी हसण्याचा असा काही स्फोट झाला की समोरचा चहावाला भांडं हातात घेऊन बाहेर आला. "कशी उरली बगा! परत करूं?" परत केलं. परत उडी. परत हसू. त्या दिवशी गाडी किती वेळा बंद पडली ते माझ्याकडे लिहिलेलं आहे, पण सांगत नाही. कल्याण नाका ते वंजारपट्टी नाका ती बाई हसत गेली आणि मी घाम पुसत.

दोन आठवडे असे गेले. त्यांना सगळ्याची उत्सुकता. हा लाल दिवा कसला? आरशात माणूस एवढा लहान कसा दिसतो? हॉर्न दोनदा दाबला तर ट्रकवाला काय समजतो? तो काय समजतो ते बघायला त्यांनी दोनदा दाबला, आणि ट्रकवाला जे बोलला ते ऐकून पुन्हा हसल्या. मी मात्र रोज वही वाचत होतो. मग चढाचा धडा आला. फ्लायओव्हरच्या चढावर गाडी मागे सरकली, मागून हॉर्नचा गोंधळ उठला आणि माझा तोल सुटला. "एवढं साधं कळत नाही? पंधरा दिवस काय केलंत? हसण्याने गाडी येत नसते!"

गोमतीबाईंचं हसू तिथेच थांबलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्याही नाही.

सोडून गेलेल्या माणसाच्या मागे मी कधी गेलो नव्हतो. पण ती गाडी मला एकाएकी फार शांत वाटायला लागली. नवा मुलगा शेजारी बसून बिनचूक क्लच दाबत होता आणि मला जांभया येत होत्या. चौथ्या दिवशी दुपारी मी अंजूरला गेलो. सुनेने सांगितलं, आय खाडीवर आहे.

त्या होडीत बसून दोर सोडवत होत्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "बसा," म्हणाल्या. मी इस्त्रीच्या पँटमध्ये, पॉलिश केलेल्या बुटांत बसलो. माफी मागायची मनाशी जुळवाजुळव चालली होती, तोवर त्यांनी दोन्ही वल्ही माझ्या हातात दिली.

"चालवा."

"मला येत नाही."

"मंग शिका."

मी वल्ही मारली. होडी जागच्या जागी गोल फिरली. जोर लावला, तर जास्त जोरात गोल फिरली. बांधावर बसलेल्या बगळ्याला मी तीनदा तोंड दाखवलं आणि तीनदा पाठ. "माझं काय चुकतंय?" मी विचारलं. त्या बगळ्याकडे बघत बसल्या. "अहो, काहीतरी सांगा की!"

"मी सांगितलं तं मजा तुमची का माजी?" त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

मला राग यायला हवा होता. पण चौथ्यांदा तो बगळा समोर आला आणि मलाच हसू फुटलं. असं हसू मला किती वर्षांनी आलं असेल कोण जाणे. डाव्या हाताला जोर कमी आहे हे कुणीही न सांगता कळलं, कारण होडी दर वेळी डावीकडेच वळत होती. मग मी उजवा हात सैल सोडून बघितला. मग एकच वल्हं पाण्यात ठेवून काय होतं ते बघितलं. मग उलटं वल्हवून बघितलं. साठ वर्षांचा माणूस, आणि मी नुसतं 'असं केलं तर काय होईल' एवढ्यासाठी करत होतो. दहा-पंधरा हात होडी सरळ गेली तेव्हा मी असा ओरडलो की बगळा शेवटी उडून गेला.

आम्ही दोघं हसण्यात एवढे दंग, की ओहोटी लागलेली जिच्या लक्षात यायला हवी होती तिच्याही आली नाही. होडी चिखलात बसली. चारी बाजूंना चिखल, त्यावर खेकडे.

"आता?" मी विचारलं.

"आता भरती येवाची वाट बगाची." मग त्याच म्हणाल्या, "माजीच चूक. पन्नास वर्सांत पयल्यांदा फसली."

आणि त्या एवढ्या खूश दिसत होत्या! मी शहाणपणा करून उतरून ढकलायला गेलो. एक पाय गुडघ्यापर्यंत गेला, वर आला तो बुटाशिवाय. तो बूट अजून अंजूरच्या खाडीतच आहे.

त्या अडकलेल्या तीनेक तासांत आम्ही बोललो. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "बोललेत त्याचं काय नाय वो. माजा बा याहून जास्त बोलायचा. पन त्या दिवशी मना भ्या वाटला. भ्या वाटला का पाय ऐकतच नाय. मना वाटलं, आता नाय जमाचं, तारी तितंच राहील." पहिल्यांदा त्यांचे डोळे भरलेले बघितले. रोज हसत येणारी बाई केवढं ओझं घेऊन येत होती, हे माझ्या वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि तिथे, खेकड्यांच्या साक्षीने, मी त्यांना सायलीच्या जेवणाची गोष्ट सांगितली. ती मी कधीच कुणाला सांगितली नव्हती.

ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीला फोन करा."

भरती आली, होडी उचलली गेली, आणि परत येताना वल्ही मीच मारली. वाकडीतिकडी, पण मीच.

त्यानंतर माझं शिकवणं पार बदललं. काल्हेरला एका गोडाऊनचं मोठं आवार रविवारी रिकामं असायचं. ओळखीने परवानगी काढली आणि तिथे आम्ही खेळ सुरू केले. जमिनीवर पापड ठेवायचा आणि पुढचं चाक त्यावर आणून मोडायचा. जमलं की पुढचा पापड. हाफ क्लचवर गोगलगायीहून हळू गाडी कोण नेतं, याची माझ्याशी शर्यत. मी मीटरवर रुमाल टाकला आणि रफिकची आठवण काढत म्हटलं, "आता नुसतं ऐका. गाडी काय म्हणते?" त्या मान तिरकी करून म्हणाल्या, "दमली हाय. दुसरा टाकते." अलगद पडला. मला रफिकची माफी मागावीशी वाटली. पुढे तो टेम्पो घेऊन नाक्यावर भेटला तेव्हा मागितलीही. तो म्हणाला, "छोडो उस्ताद, चाय पिलाओ," आणि दोन चहा प्यायला.

बंद गाडीचे आठ दिवस मी सगळ्यांसाठीच बंद केले. वही मात्र लगेच सुटली नाही. हात आपोआप खिशाकडे जायचा. मग मी तिच्यात दुसरंच लिहायला लागलो: आज काय नवीन करून बघितलं. पहिली नोंद माझीच आहे. वयाच्या साठीत मी रिव्हर्समध्ये इंग्रजी आठ काढायचा प्रयत्न केला आणि ड्रम पाडला.

आणि फोन. तो करायला मला आठ-दहा दिवस लागले. सायलीला म्हटलं, "तुला गाडी शिकवताना मी फार वाईट वागलो. शिकायचं असेल तर या वेळी नीट शिकवेन. म्हणजे नीट नाही... मजेत शिकवेन."

मग ती म्हणाली, "बाबा, मला गाडी येते. चार वर्षं झाली. रोज ऑफिसला घेऊन जाते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही शेजारी बसाल म्हणून."

मी हसलो. तीही हसली. फोन ठेवल्यावर मात्र मी गाळ्याचं शटर अर्धं ओढून थोडा वेळ आत बसलो. चार वर्षं माझी मुलगी गाडी चालवत होती, आणि भिवंडीभर लोकांना शिकवणाऱ्या बापाला त्याची कुणकुण नव्हती. दिवाळीत ती स्वतः गाडी चालवत आली. मी तिच्या शेजारी बसून गावभर फिरलो आणि एक अक्षर बोललो नाही. त्यासाठी जीभ दाताखाली धरावी लागली, हे कबूल करतो.

इकडे गोमतीबाईंची परीक्षा आली. रिव्हर्स घेताना त्यांची गाडी खांबाला टेकली आणि खांब पडला. नापास. पहिल्या परीक्षेत माझं माणूस नापास होण्याची ती पहिलीच वेळ. मी धावत गेलो, तर बाई खांबाजवळ उकिडव्या बसून चाकाची खूण बघत होत्या. "इकरं बगा मास्तर, हितनं वलवाला पायजे होतं. मी हितनं वलवली." इन्स्पेक्टरसाहेब मला म्हणाले, "नापास झालेलं एवढं खूश माणूस मी बघितलं नाही." त्या दिवशी आम्ही दोघांनी परीक्षेच्या मैदानाबाहेर वडापाव खाल्ला. माझी ख्याती गेली होती आणि भूक मात्र सडकून लागली होती.

दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या. मधे गाडी एकदा बंद पडली. त्यांनी साहेबांना सांगितलं, "बंद परली, चालू करते," आणि चालू केली.

लायसन्स हातात आल्यावर दोन दिवसांनी त्या घरची मोठी गाडी घेऊन माझ्या दारात. "चला खारबावला." पुढच्या सीटवर बसायला गेलो तर म्हणाल्या, "मागं बसा. पुरं तारी बसनार."

खारबावला तारामायला आम्ही तिघांनी, म्हणजे तिच्या सुनेने, गोमतीबाईंनी आणि मी, हळूहळू पुढच्या सीटवर बसवलं. वॉकर डिकीत. तारामाय बहिणीकडे बघतच राहिल्या. "गोमे, तू खरंच चालवतंस?"

"नाय, धकलतंय," गोमतीबाई म्हणाल्या, आणि दोघी हसायला लागल्या त्या गावाबाहेर पडेपर्यंत. रेल्वे स्टेशन मागे पडलं. पुढे दोन रस्ते फुटतात. उजवा हमरस्त्याला लागतो, रुंद आणि सोपा. डावा मला ठाऊक होता. थोड्या अंतरावर तो खाडीच्या बांधाला जाऊन संपतो, आणि तिथे गाडी वळवायला धड जागा नाही.

"डावीकरं काय हाय गो?" तारामायने विचारलं.

"मना काय ठाव. बगू?"

"बग."

सांगायला माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटलं. गाडी डावीकडे वळली.

बांधावर रस्ता संपला तिथे समोर भरतीचं भरलेलं पाणी होतं. तारामायने काच खाली केली. खारा वारा आत आला. त्या खिडकीच्या कडेवर हनुवटी टेकून पाण्याकडे बघत राहिल्या. गोमतीबाईंनी बहिणीच्या हातावर हात ठेवला, आणि मी मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघायचं नाटक केलं.

मग परत फिरायचं होतं. गोमतीबाईंनी रिव्हर्स टाकला. तारामाय मान वळवून जोरजोराने सूचना द्यायला लागल्या, "अजून येऊं दे, येऊं दे, थांब! नाय, येऊं दे!" त्यांना गाडीतलं काडीचं कळत नव्हतं. एकदा मागचं चाक गवतात गेलं, एकदा पुढचं बांधाच्या कडेला. माझ्या पायाखाली ना ब्रेक ना क्लच, आणि मी दोन्ही पाय आपटत हसत होतो. शेवटी गाडी वळली आणि तोंड गावाकडे झालं.

तारामायने पदराने डोळे पुसले, काच आणखी खाली केली आणि म्हणाल्या, "आता त्यो उजवा बगू."